एमएचटी-सीईटी: गुण सारखेच, मग पर्सेंटाइल वेगळं का?

सीईटीचा निकाल लागला की फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट पडतात. कुणाला ९२.४, कुणाला ८८.१. खाली काकांचा मेसेज येतो, "वा, ९२ टक्के! अभिनंदन!" अभिनंदन ठीक आहे, पण ते ९२ टक्के नसतात. हा फरक न कळल्यामुळे अनेक घरांत कॉलेजची यादी चुकीच्या अंदाजावर भरली जाते. म्हणून हा हिशोब एकदा नीट समजून घेऊ.

पर्सेंटाइल म्हणजे नेमकं काय?

टक्के सांगतात की तुम्ही पेपर किती सोडवला. पर्सेंटाइल सांगतं की तुम्ही रांगेत कुठे उभे आहात. ९२ पर्सेंटाइल याचा अर्थ, तुमच्या सत्रात परीक्षा दिलेल्या १०० पैकी ९२ जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत.

इंजिनिअरिंगसाठीच्या पीसीएम गटाची सीईटी २०० गुणांची असते. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, तर गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. निगेटिव्ह मार्किंग नाही. पेपर अवघड निघाला तर जेमतेम निम्मे गुण मिळवूनही पर्सेंटाइल चांगलं येऊ शकतं, कारण बाकीच्यांनाही तो अवघडच गेलेला असतो.

आणखी एक गोष्ट. एकूण पर्सेंटाइल ही तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसते. ते तुमच्या एकूण गुणांवरून वेगळं काढलं जातं. त्यामुळे घरी कॅल्क्युलेटर घेऊन बसलात तर आकडा जुळणार नाही.

थेट गुणच का देत नाहीत?

कारण सगळ्यांचा पेपर एक नसतो. २०२५ मध्ये पीसीएम गटाची परीक्षा चार लाखांहून जास्त मुलांनी दिली. ही परीक्षा कॉम्प्युटरवर होते आणि एवढ्या मुलांना एकाच वेळी बसवता येईल इतके कॉम्प्युटर नाहीत. म्हणून ती अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत चालते. प्रत्येक सत्राला वेगळा पेपर असतो.

आता समजा, दोन सत्रांत प्रत्येकी १०,००० मुलं बसली. पहिल्या सत्राचा पेपर अवघड होता. तिथे १२० किंवा त्याहून कमी गुण मिळवणारे ९,५०० जण निघाले. मग १२० गुणांना पर्सेंटाइल मिळालं ९५. दुसऱ्या सत्राचा पेपर सोपा होता आणि तिथे अशी मुलं ९,२००च होती. त्याच १२० गुणांना तिथे मिळालं ९२. यालाच नॉर्मलायझेशन म्हणतात. प्रत्येक सत्रात जो पहिला, त्याला १०० पर्सेंटाइल, मग त्याचे गुण १९८ असोत की १८५.

मग यात अन्याय होतो का?

ही पद्धत एका गृहीतकावर उभी आहे: प्रत्येक सत्रात हुशार, मध्यम आणि कच्च्या मुलांचं प्रमाण साधारण सारखंच असेल. सत्रात हजारो मुलं असतील तर हे बऱ्यापैकी खरं ठरतं. पण तंतोतंत खरं ठरेलच याची खात्री नाही.

आणि इथे थोडक्या फरकालाही किंमत आहे. चार लाख मुलांमध्ये एक पर्सेंटाइल म्हणजे ४,००० जागांचा फरक. अर्ध्या पर्सेंटाइलने हवी ती ब्रँच हुकते आणि मग मॅनेजमेंट कोट्याची चौकशी सुरू होते.

पेपरच चुकला तर काय होतं, हेही २०२५ मध्ये दिसलं. २७ एप्रिलच्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांत चुका निघाल्या आणि ५ मे रोजी त्या सत्राची फेरपरीक्षा घ्यावी लागली. त्या मुलांना अभ्यासाला आठवडा जास्त मिळाला, अशी चर्चा तेव्हा झाली. पण सत्रनिहाय पद्धतीत त्यांची तुलना आपसातच होते, त्यामुळे जादा दिवसांचा फायदा सगळ्यांनाच सारखा. खरा भुर्दंड होता तो पुन्हा प्रवास, पुन्हा तयारी आणि पुन्हा तेच टेन्शन.

आपले गुण किती होतात, हे विद्यार्थ्याला उत्तरतालिकेवरून काढता येतं. पण आपल्या सत्रातल्या बाकीच्यांना किती पडले, हे निकालपत्रकावर दिसत नाही. म्हणजे ज्या तुलनेवर सगळं ठरतं, तीच त्याला तपासता येत नाही. सीईटी सेलने प्रत्येक सत्रात कोणत्या गुणांना किती पर्सेंटाइल मिळालं याचा तक्ता जाहीर केला, तर कुणाचंही नाव उघड होणार नाही आणि निम्म्या शंका तिथेच मिटतील.

तुम्ही काय लक्षात ठेवायचं?

गेल्या वर्षीचा कटऑफ फक्त पर्सेंटाइलमध्ये पाहू नका. ९५ पर्सेंटाइलच्या पुढे तीन लाखांत साधारण १५,००० मुलं असतात, तर चार लाखांत २०,०००. आकडा तोच, रांग मात्र लांब. म्हणून कटऑफ यादीतला मेरिट नंबर पाहा आणि तुमच्या प्रवर्गाच्या रकान्यातलाच पाहा.

बारावी सोडून देऊ नका. सीईटीतून इंजिनिअरिंगला प्रवेश घेतानाही बारावीत ठरलेल्या विषयांत मिळून खुल्या गटासाठी ४५ आणि राखीव गटासाठी ४० टक्के लागतातच.

आणि कुणी "एवढ्या गुणांना एवढं पर्सेंटाइल नक्की" असं सांगून पैसे मागत असेल, तर त्याला एकच प्रश्न विचारा: "कोणत्या सत्रात?" उत्तर निकालाआधी कुणाकडेच नसतं.