रायपूरचे विद्यापीठ आणि एकशे बारा पाट्या

निकालांचे दिवस आले की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. कुणाचा मुलगा पुण्याला चालला, कुणाच्या मुलीला नागपूरला प्रवेश मिळाला, कुणी राजस्थानात कोट्याला जाऊन आणखी एक वर्ष घालवणार. या यादीत रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाचे नाव सहसा अभिमानाने घेतले जात नाही. रायपुरात राहणारी आपली मराठी मंडळीसुद्धा जरा आवाज खाली आणूनच सांगतात, "नाही, ती इथंच आहे, युनिव्हर्सिटीत." जणू दुसरीकडे कुठे जमले नाही म्हणून इथे. मला हे पटत नाही. का पटत नाही, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल.

रायपूर आपल्याला परके नाही. नागपूरकर भोसल्यांचे छत्तीसगडावर राज्य होते. बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपूरला येऊन राहिले. तात्यापारा नावाचा मोहल्ला आजही शहराच्या मध्यावर आहे. पुढे इंग्रजी अमलात मध्य प्रांताची राजधानी नागपूर आणि रायपूर हे त्यातले एक जिल्ह्याचे गाव. शाळा होती, पण मॅट्रिकनंतर काय, हा प्रश्न होता. माधवराव सप्रे मराठी घरातले. 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक त्यांनी १९०० साली काढले आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. रायपूरला मॅट्रिक झाल्यावर ते शिक्षणासाठी जबलपूर, ग्वाल्हेर असे हिंडले आणि त्यांना पदवी मिळाली ती कलकत्ता विद्यापीठाची. पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले हिदायतुल्ला रायपूरच्या सरकारी हायस्कुलात शिकले आणि १९२२ नंतर नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले. ज्यांच्या नावाने आज विद्यापीठ आहे ते रविशंकर शुक्लही पदवीसाठी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात गेले होते.

ही झाली नाव कमावलेल्यांची उदाहरणे. ज्यांच्या घरी तीनशे किलोमीटरवर मुलगा ठेवण्याची ऐपत नव्हती, त्यांची नावे आपल्याला कुठून कळणार? आणि मुलींचा तर प्रश्नच नको. सप्रे यांनी रायपुरात मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा काढली, पण तिथून बाहेर पडलेली मुलगी पुढे नागपूरला कॉलेजात जाणार, हे त्या काळच्या किती घरांना मानवले असते?

१९३८ साली रायपुरात छत्तीसगढ कॉलेज सुरू झाले, ते नागपूर विद्यापीठाला जोडलेले. १९४६ साली डॉ. हरिसिंह गौर यांनी सागर विद्यापीठ स्थापन केल्यावर रायपूरचा कारभार सागरकडे गेला. मग १९६४ साली रायपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. म्हणजे एकाच कॉलेजातून एकाच घरातल्या आजोबांनी, काकांनी आणि पुतणीने पदवी घेतली, तर तिघांच्या प्रमाणपत्रांवर तीन वेगळ्या विद्यापीठांची नावे असायची. कॉलेज मात्र तेच. पहिले कुलगुरू होते बाबूराम सक्सेना, भाषाशास्त्रातले मोठे विद्वान. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजचे एक प्राध्यापक वारले. गजानन माधव मुक्तिबोध त्यांचे नाव. घरात मराठी बोलणारे, हिंदीतले थोर कवी. मराठी कवी शरच्चंद्र मुक्तिबोध हे त्यांचे धाकटे भाऊ. दोन भाषांचे इतके जवळचे नाते सांगणारे घर या भागात दुसरे सापडणे कठीण.

विद्यापीठ आमानाक्याजवळ, ग्रेट ईस्टर्न रोडला लागून आहे. नागपूरहून गाडीने आलात तर शहरात शिरतानाच लागते. शेजारी एनआयटी, सायन्स कॉलेज, आयुर्वेद कॉलेज. सरस्वती नगर नावाचे छोटे रेल्वे स्टेशनही याच बाजूला आहे. दुर्ग-भिलाईकडून लोकलने ये-जा करणाऱ्या पोरांना ते सोयीचे. इथे विभागाला विभाग म्हणत नाहीत, 'अध्ययनशाला' म्हणतात. शब्द छान आहे, आपणही उचलावा असा. मानववंशशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, कायदा, भौतिकशास्त्र, भाषा असे बरेच काही शिकवले जाते. छत्तीसगढी भाषेतही एम.ए. करता येते. ज्या बोलीला शहरी माणूस 'खेड्यातली भाषा' म्हणून हसायचा, तिला २००७ साली राज्यात राजभाषेचा दर्जा मिळाला आणि आता तिच्यावर प्रबंध लिहिले जातात. अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या आपल्या वाचकांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण विद्यापीठ म्हणजे एवढा परिसर नव्हे. त्याच्या छत्राखालची बहुतेक मुले आमानाक्याला रोज येतच नाहीत. ती असतात धमतरी, महासमुंद, गरियाबंदच्या कॉलेजांत. आणि एक मोठा वर्ग असा, की जो कॉलेजातही दिसत नाही. आपण ज्याला बहिःस्थ म्हणतो त्याला तिकडे स्वाध्यायी किंवा सरळ 'प्रायव्हेट' म्हणतात. फॉर्म भरायचा, घरी वाचायचे, परीक्षेला केंद्रावर जायचे. दुकानात बसणारा मुलगा, शिपायाची नोकरी करून बढतीची वाट पाहणारा माणूस आणि लग्न होऊन आलेली सून, हे सगळे या रांगेत. विदर्भातून लग्न करून रायपूरला गेलेल्या मुलींनी अर्धवट राहिलेले बी.ए. असेच पूर्ण केले आहे. शाळा मराठीतून झालेली, पेपर हिंदीतून लिहायचा, आणि परीक्षेच्या सकाळी आधी सगळ्यांचे डबे भरून द्यायचे. या पदवीला कुणी 'साधे बी.ए.' म्हटले की मला त्या डब्यांची आठवण होते.

आता त्या एकशे बारा पाट्यांविषयी. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे वेगळे राज्य झाले. २००२ साली राज्याने खासगी विद्यापीठांसाठी कायदा केला. हेतू असा सांगितला गेला, की सरकारकडे पैसा कमी, तेव्हा खासगी पैसा शिक्षणात यावा. कायद्यातली मेख अशी होती, की सरकारने राजपत्रात एक अधिसूचना काढली की झाले विद्यापीठ! जमीन, इमारत, ग्रंथालय, प्राध्यापक हे सगळे नंतर. वर्षभराच्या आत अशी एकशे बारा विद्यापीठे निघाली. अनेकांना ना इमारत होती ना परिसर. एखाद्या खोलीवर पाटी लावली की ते विद्यापीठ. एवढ्याशा नव्या राज्यात एकशे बारा कुलगुरू! विनोदी वाटते, पण त्या पाट्या वाचून फी भरणारे आईबाप खरे होते आणि वर्ष घालवणारी मुलेही खरी होती.

याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते प्रा. यशपाल. दूरदर्शनवरच्या 'टर्निंग पॉइंट'मुळे ते आपल्या घराघरांत पोहोचले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे ते माजी अध्यक्ष. फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने कायद्याची ती कलमे रद्द केली आणि त्यांच्या आधारे निघालेली सगळी विद्यापीठे एका निकालात बंद झाली. त्यात शिकणाऱ्या मुलांचे काय? न्यायालयाने त्यांचा विचार केला होता. त्या संस्था राज्यातल्या आधीच्या सरकारी विद्यापीठांना जोडून घेण्याची वाट निकालातच दाखवली होती. म्हणजे पाट्या उतरल्यावर मुलांना आधार शोधायचा होता तो ज्यांच्याकडे पाहून आपण नाक मुरडतो, त्याच जुन्या सरकारी विद्यापीठांत.

याचा अर्थ तिथे सगळे आलबेल आहे असा नाही. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा, उशिरा लागणारे निकाल, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरणारे अर्ज हे आपल्या देशातल्या सरकारी विद्यापीठांचे जुने दुखणे आहे. खासगी विद्यापीठे सगळी वाईट असतात असेही नाही. कायद्याने नीट स्थापन झालेली आणि चांगली चालणारीही आहेत. पण प्रवेश घेण्याआधी विद्यापीठ अनुदान आयोगाची यादी पाहावी. आयोग मान्य विद्यापीठांची यादी देतो, तशी बोगस विद्यापीठांचीही देतो. दहा मिनिटांचे काम आहे. लग्न ठरवताना मुलाच्या गावापर्यंत चौकशी करणारे आपण, मुलीच्या पदवीची चौकशी मात्र रंगीत माहितीपत्रकावर संपवतो.

रायपूरच्या विद्यापीठाचा व्याप आता बराच आटला आहे. १९८३ साली बिलासपूरला गुरू घासीदास विद्यापीठ झाले, २००८ साली जगदलपूरला बस्तर विद्यापीठ, २०१५ साली दुर्गला. दंतेवाड्याच्या मुलीला परीक्षेच्या कामासाठी रायपूर गाठावे लागत नाही, हे फार चांगले झाले. ज्या घरात मुलीला एक मुक्काम बाहेर राहू देत नाहीत, तिथे पन्नास किलोमीटरचा फरक शिक्षण होणे आणि न होणे यातला असतो. एक गोष्ट मात्र हातची गेली असे वाटते. पूर्वी बस्तरचा हलबी बोलणारा, बिलासपूरचा, भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या तेलुगू किंवा मल्याळी कामगाराचा, असे सगळे एका वसतिगृहात राहायचे. ते मिसळणे आता कमी झाले.

पूर्ण गेले नाही, कारण रायपूरला मुले अजून येतातच. कोटा, डंगनिया, डी. डी. नगर या वस्त्यांत खोली घेऊन तिघे-चौघे राहतात, एक गॅस, एक कुकर, भात लावण्याच्या पाळ्या ठरलेल्या. सकाळी अध्ययनशाला, दुपारनंतर स्पर्धा परीक्षेचा क्लास. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पंडित सुंदरलाल शर्मांचे नाव आहे. शिवाय याच रस्त्यावर २०१८ साली नालंदा परिसर नावाचे मोठे वाचनालय झाले. ते चोवीस तास उघडे असते, आणि रात्रीच्या वेळीही तिथे मुली वह्या उघडून बसलेल्या असतात.