देऊळ फिरते ते कुणासाठी?

मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे: नामदेवांना कीर्तनासाठी मागच्या बाजूला धाडले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरले. भक्तीला अधिकृत दाराची गरज नसते, हा या आख्यायिकेचा अर्थ ख्रिस्ती धर्मगुरूंनाही लागू पडतो. रेव्हरंड ना. वा. टिळक दीक्षित पाळक होते. तरी 1917 मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती आणि भक्तीची भाषा अभंगाची होती. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर ‘हरित वसई’साठी, म्हणजे तिथले पाणी आणि झाडे वाचवण्यासाठी, रस्त्यावर उतरले. अशी सेवा हे धर्मांतराचे आमिषच असते, असा आक्षेप घेतला जातो. इतिहासात तशी उदाहरणे नाहीत असे नाही, म्हणून शंका घेण्यात गैर काही नाही. पण कसोटी कामाची लावावी, झग्याची नव्हे. वसईचे पाणी आणि झाडे वाचली, तर ती कोणत्या एका धर्माची होत नाहीत. उलट बाजूने, चर्चबाहेरची कामे पाळकाने का करावीत, असेही विचारले जाते. त्याला उत्तर एवढेच, की शेजाऱ्यावर प्रेम करण्याच्या आज्ञेला चर्चची भिंत नाही. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दिब्रिटो निवडले गेले, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. तरीही मराठवाड्याने त्यांना अध्यक्ष म्हणून स्वीकारले. नामदेवांच्या भूमीला हेच शोभते.