धर्म घराचा, उपास सुनेचा



गेल्या महिन्यात मंडळाच्या बैठकीत विषय निघाला, की नोकरी करणाऱ्या सुनांना जैन स्वयंपाक झेपत नाही. एक म्हणाली, "त्यांना वेळ नाही आणि आवडही नाही." दुसरी म्हणाली, "आता सगळे पाकिटातले मिळते, वर जैन लिहिलेले असते, बिघडले कुठे?" तिसरीने नेहमीचे वाक्य टाकले, "आमच्या वेळी आम्ही नाही का केले?" मी त्या दिवशी गप्प बसले. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, कारण ही तिन्ही वाक्ये मी स्वतः कधी ना कधी बोललेली आहेत. आज त्या तिन्हींच्या विरुद्ध लिहिते आहे, म्हणजे थोडे माझ्याच विरुद्ध.

आधी घरची गोष्ट सांगते. सुनेला विचारून सांगते आहे.

ती बँकेत आहे. सकाळी साडेआठला निघते आणि पावणेसातला घरी येते. आमच्याकडे रात्रिभोजन नाही. सांगलीत जूनमध्ये सूर्य सातनंतर मावळतो, तेव्हा ती धावतपळत येऊन चार घास खाऊन घ्यायची. डिसेंबरात मात्र सहाच्या सुमारास दिवस बुडतो. मी, हे आणि मुलगा (तो घरूनच काम करतो) साडेपाचला पानावर बसायचो. गरम भाकरी, आमटी, भाजी, वर तूप. ती येईपर्यंत ओटा पुसून झालेला असायचा. ती आली की आमची भांडी घासायची, उद्याची चवळी भिजत घालायची आणि झोपायची. दोन हिवाळे असे गेले. मी बाहेर कौतुकाने सांगायची, "आमची सून नोकरी सांभाळून नियम पाळते हो!"

या फेब्रुवारीत तिला बँकेच्या जिन्यात चक्कर आली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.६. बाईमाणसाचे १२ च्या खाली गेले की डॉक्टर ॲनिमिया म्हणतात. डॉक्टरांनी विचारले, "रात्री काय जेवता?" ती म्हणाली, "आमच्यात रात्री जेवत नाहीत." त्यांनी विचारले, "मग संध्याकाळी?" ती माझ्याकडे बघत राहिली. संध्याकाळी ती पाच वाजताच्या चहाबरोबर बिस्किटे खायची. ते मला ठाऊक होते. ठाऊक असून मी कधी विचारले नव्हते, हे जास्त वाईट.

मी १९८१ ची बी.कॉम. पुढे नोकरी केली नाही, पण जमा आणि नावे मला कळते. आमच्या घराने दोन वर्षे नियमाचे पुण्य सगळ्यांच्या खात्यावर जमा केले आणि त्याचा खर्च एकीच्या नावे टाकला. घरात सगळ्यात जास्त राबणारे माणूस सगळ्यात कमी जेवत होते.

आता कोणी म्हणेल, बघा, धर्माचे नियम आजच्या काळात चालत नाहीत. मला हे मुळीच मान्य नाही. सूर्यास्तानंतर खाऊ नये, एवढेच नियम सांगतो. घरच्याच पाटावर बसून, ताटात गरम वाढलेलेच खावे, असे तो कुठे सांगतो? ते आम्ही चिकटवले. आणि उपवास हा आपणहून घ्यायचा असतो. जो तिने घेतला नाही आणि तरी तिला घडला, त्याला तप म्हणायचे नाही, ती आबाळ झाली. आपण पाणी गाळतो, तांदूळ निवडताना टोके दिसले तर अलगद बाजूला ठेवतो. आणि घरातल्या माणसाला उपाशी भांडी घासायला लावतो? मी लावली.

"आमच्या वेळी" याचा हिशेब तर अगदी सोपा आहे. माझ्या सासरी अकरा माणसे आणि स्वयंपाकघरात आम्ही तिघी, सासूबाई धरून चौघी. एक भाकरी थापायची, एक भाजायची, एक चिरायची. कोणीच बाहेर नोकरीला नव्हते. आज आमच्या घरात चार माणसे आणि त्यांतली एक बाई दिवसाचे दहा तास घराबाहेर. चौघींचे काम दीड बाईवर टाकून वर तुलना करायची, हा कुठला ताळेबंद? शिवाय आमच्या वेळीही शेवटच्या पंगतीला कढईत काय उरायचे, ते आपल्याला आठवत नाही असे नाही. आपण ते विसरून गेलो म्हणून सुनांनीही सोसावे, एवढाच त्या वाक्याचा अर्थ.

पाकिटांबद्दल थोडक्यात. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, बस. त्यात कांदा, लसूण, बटाटा सगळे चालते. पाकिटावर 'जैन' लिहिले असेल तर हे पदार्थ घातलेले नाहीत एवढे कंपनी सांगते. पण ते कधी शिजले, पाणी कसले, मसाला कधी दळला? आपण पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच आणि थंडीत सात धरतो आणि महिनोन् महिने टिकणारी ग्रेव्ही पनीरवर ओततो, तीही निर्धास्त. मागे बारीक अक्षरात मीठ किती ते वाचा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. आणि चौघांच्या एका वेळच्या पाकिटाच्या आणि पनीरच्या पैशांत माझ्याकडे तीन दिवसांची आमटी होते.

पण खरा वेळ आणि पैसा नियम खातच नाहीत. तो आपली जीभ खाते. जैन पावभाजी, जैन पिझ्झा, बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याचे वडे. कधीतरी सणाला करा, मीही करते. पण जे सोडले त्याचीच हुबेहूब चव रोज ताटात हवी, यासाठी तीन तास ओट्याशी उभे राहायचे आणि मग म्हणायचे जैन स्वयंपाकाला वेळ लागतो! भोगोपभोग परिमाण हे व्रत आपण पाठ केलेले आहे. ताटात चार पदार्थ लागतात की दोन, हा प्रश्न त्या व्रतातच येतो. आणि फुलका तव्यावरून थेट पानात पडला पाहिजे हा हट्ट? त्यात एक बाई सगळ्यांचे होईपर्यंत उभी राहते, यापलीकडे काही साधत नाही. आमच्या घरी तो हट्ट ह्यांचा होता आणि मी चाळीस वर्षे पुरवला.

आपले रोजचे साधे जेवण किती लवकर होते बघा. बेसनाचे किंवा हुलग्याचे पिठले दहा मिनिटांत. मोहरी, जिरे, हिंग, हिरवी मिरची, कढीलिंब, कांद्याची आठवणही येत नाही. मुगाच्या डाळीची खिचडी कुकरला पंधरा मिनिटे. तुरीच्या आमटीत आमसूल आणि गूळ, चव आणायला दुसरे काही लागत नाही. दोडका, दुधी, घेवडा, पडवळ, शेवग्याच्या शेंगा, बाजारात जे त्या दिवशी स्वस्त ते. चातुर्मासात पालेभाज्या बंद असल्या तर चवळी, मटकी, हरभरा. कडधान्य रात्रभर भिजले की शिजायला निम्मा गॅस पुरतो. (मोड आलेले चालते की नाही या वादात मी पडत नाही, आमच्याकडे नुसते भिजवतो.) आले नाही तर सुंठ आहे. आणि पिठाची मर्यादा पाळायची तर दळण थोडेच आणावे लागते, मग डब्याच्या तळाशी पोरकिडे होत नाहीत आणि काही फेकावे लागत नाही. ज्या नियमाला लोक अवघड म्हणतात तो माझ्या महिन्याच्या खर्चात बचत करतो. हे मी वहीत मांडून बघितले आहे.

आता डब्याचे. फेब्रुवारीपासून सून दोन डबे नेते. दुपारचा नेहमीचा. दुसरा संध्याकाळचा. त्यात ज्वारीच्या दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मूठभर फुटाणे, एक काकडी, अर्धे लिंबू, गुळाचा खडा. चटणीत लसूण नाही, जिरे आणि लाल तिखट. फुटाण्याबरोबर दही देत नाही, द्विदल होते. सगळे कोरडे असल्यामुळे संध्याकाळपर्यंत आंबत नाही. भाकऱ्या सकाळी सहाच्या, खाते साडेपाचला, म्हणजे त्याच दिवसाच्या, शिळ्या नाहीत. ज्यांच्याकडे प्रहरांची मर्यादा याहून कडक आहे त्यांनी आपल्या महाराजांना किंवा माताजींना विचारावे, पण विचारावे तरी. सून उपाशी राहते हे सांगून विचारावे.

हिशेब असा. भाकऱ्यांना शंभर ग्रॅम पीठ, चटणी तीस ग्रॅम, फुटाणे पन्नास ग्रॅम. यातून सत्तावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम सांगितली आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त काम या एका डब्यात झाले. आमच्या बाजारभावाने डबा तीस रुपयांच्या आत बसतो. लिंबू आहे ते कडधान्यातले लोह अंगी लागावे म्हणून. आणि चहा आता जेवणाबरोबर नाही, तास-दीड तास आधी, कारण चहाने तेच लोह अडते. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या त्या चालू आहेत. डब्याने गोळ्या सुटतात असे मी म्हणणार नाही.

बँकेत दहा मिनिटे उठायला तिला संकोच वाटत होता. मी म्हटले, "अगं, साहेबांना विचार तर." तिने विचारले. ते म्हणाले, दहा मिनिटांचे काय एवढे! दोन वर्षे आम्ही ज्या अडचणीला धर्मसंकट समजत होतो ती एका वाक्यात सुटली.

हा डबा भरते कोण, हाच आता वादाचा मुद्दा आहे, कारण यावरूनच मला दोन घरी ऐकून घ्यावे लागले. सकाळी मी भाकऱ्या करते. डबे मुलगा भरतो. संध्याकाळचा कुकर हे लावतात. वय अडुसष्ट, आयुष्यात कधी गॅस पेटवला नव्हता. पहिल्या दिवशी डाळीत पाणी कमी पडले आणि करपली. मी म्हटले, "अहो, चालायचेच." दुसऱ्या आठवड्यात खिचडी जमली. आता भाजी निवडून चिरूनही ठेवतात, फक्त कारली मोठी चिरतात. ज्याचे ताट त्याने घासायचे, हे मुलाने स्वतःहून सुरू केले. एका मैत्रिणीने विचारले, "या वयात त्यांना कशाला राबवतेस? बरे दिसते का?" बरे दिसते का, हा प्रश्न सून उपाशी भांडी घासत होती तेव्हा आमच्या दारात कोणी विचारला नाही.

एवढे केले तरी रोज सगळे नीट होते असे समजू नका. मार्चअखेरीला बँकेत दोनदा तिला उठताच आले नाही, डबा तसाच परत आला. तेव्हा ती उपाशीच झोपली आणि मला राग आला, बँकेचा, नियमाचा, सगळ्यांचाच. त्यावर उपाय माझ्याकडे नाही. फक्त आता ती आल्यावर विचारते, "डबा खाल्लास का?" आणि रिकामा डबा मी घासते.

मे महिन्यात पुन्हा रक्त तपासले. १०.४ आले. डॉक्टर म्हणाले, अजून तीन महिने गोळ्या घ्या.

मंडळाला मी एक सुचवले आहे. दशलक्षण झाल्यावर दरवर्षी पाककृती स्पर्धा होते. यंदा तिचा विषय असावा, सूर्यास्ताआधीचा डबा: अर्ध्या तासात, तीस रुपयांत, कोरडा आणि दिवसभर टिकणारा. आणि स्पर्धेत भाग फक्त घरातल्या पुरुषांनी घ्यायचा. अध्यक्षीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, बघू. अजून उत्तर आलेले नाही. ह्यांनी मात्र नाव दिले आहे, आणि चटणीत मीठ किती घालायचे ते रोज विचारतात.