रुग्णशय्येपाशी : टाचा पाहिल्यात का?

रोग्याला भेटायला गेलेली मंडळी त्याच्या तोंडाकडे पाहतात, सलाईनच्या बाटलीकडे पाहतात, फार तर कॉटखालच्या डब्याकडे पाहतात. टाचांकडे कोणी पाहत नाही. चारचौघांत चादर वर करून टाच पाहणे शिष्टाचाराला धरूनही दिसत नाही म्हणा! पण तीस वर्षे वॉर्डात काढल्यावर माझी नजर प्रथम तेथेच जाते. दिवाळीच्या अंकात, चकलीचा तुकडा तोंडात असताना, मी शय्याव्रणांची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी रागावू नये. दिवाळीतही इस्पितळे भरलेलीच असतात, आणि उशाशी बसायला घरचे माणूस याच सुट्टीत सापडते.

शय्याव्रण म्हणजे ज्याला आपण सर्रास बेडसोअर म्हणतो ते. २०१६ साली अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ मंडळाने त्याचे नाव बदलून ‘दाबाने झालेली इजा’ असे केले. मला ते नाव पटते. कारण पहिल्या पायरीवर व्रण नसतोच. कातडी धड असते. आतून हाड आणि बाहेरून गादी, यांच्यामध्ये मांस चेपले जाते आणि तेथे रक्त पोचत नाही. तुम्ही आम्ही झोपेतसुद्धा कूस बदलतो. पक्षाघात झालेला, खुबा मोडलेला, गुंगीत असलेला माणूस ती बदलू शकत नाही. ‘महिनोन् महिने पडून राहिले तरच होते हे’ असे पुष्कळांना वाटते, ते खरे नव्हे. कधी कधी काही तासही पुरतात.

पाहायचे कोठे? जेथे हाड कातडीच्या जवळ येते तेथे. माकडहाडाच्या वरची जागा आणि टाचा, या दोन आधी. मग खुबे, घोटे, कोपरे, खांद्यामागची हाडे, डोक्याची मागची बाजू. नळ्यांना विसरू नका. ऑक्सिजनची नळी कानामागे रुतते, मास्क नाकाच्या हाडावर बसतो, लघवीची नळी मांडीखाली सापडते. प्लास्टरची कडही तशीच.

त्या जागी रंग बदललेला दिसला तर बोटाने हलकेच दाबून सोडा. फिकी पडून पुन्हा रंग आला तर रक्त फिरते आहे. फिकी पडलीच नाही, तर इजा झाली असे धरावे. पुस्तकांत ‘लाली’ असे लिहिलेले असते. पण ती पुस्तके गोऱ्या कातडीकडे पाहून लिहिली गेली. आपल्या सावळ्या अंगावर लाली पुष्कळदा दिसतच नाही, आणि दाबून फिके पडले की नाही हेही कळत नाही. तेव्हा शेजारच्या कातडीशी ताडून पाहावे. अधिक काळसर किंवा जांभळट आहे का? हात लावून पाहिले तर ऊन आहे की गार, टणक आहे की लिबलिबीत? रोगी म्हणतो का, “येथे ठणकते”? जांभळट डाग असेल तर विशेष जपावे. कातडी धड दिसते आणि आतले मांस आधीच मेलेले असते. हे सारे खिडकीच्या उजेडात पाहावे. वॉर्डातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळेच सारखे दिसते.

येथवर सोपे आहे. अवघड आहे ते पुढचे, म्हणजे सांगणे.

आमच्याच इमारतीतल्या एका आजींचा गेल्या वर्षी खुबा मोडला. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सूनबाईंचा मला फोन. “मावशी, आईंच्या टाचेवर काळसर डाग आहे, दाबला तर तसाच राहतो. सिस्टरना सांगू का? हे म्हणतात, आई त्यांच्याच हातात आहे, उगाच वाकडेपणा कशाला?” मी म्हटले, “सांग, आणि लिहून घ्यायला सांग.” सकाळच्या सिस्टर “बघते हं” म्हणून गेल्या त्या गेल्याच. मुलीने धीर धरून दुपारच्या पाळीला पुन्हा सांगितले. त्या सिस्टरनी मात्र चादर दूर केली, टाच पाहिली, केसपेपरवर नोंद केली आणि पोटरीखाली उशी सरकवून टाच अधांतरी ठेवली. ती टाच फुटली नाही. उशी एक, आणि वाक्य एक!

उलटेही मी पाहिले आहे. घरूनच कमरेखाली काळा चट्टा घेऊन आलेल्या एक बाई आमच्या वॉर्डात होत्या. बरोबरच्या लेकीसुनांना तो ठाऊक होता. पण ‘घरात कोणी पाहिले नाही असे म्हणतील’ म्हणून सर्वांनी तोंड मिटून घेतले. दाखल करताना घाईत पाठ कोणी पाहिली नाही. चट्टा फुटला तेव्हा आत हाडापर्यंत खळगा होता. मग घरचे म्हणाले इस्पितळात झाले, इस्पितळ म्हणाले घरून आणले, आणि या वादात बाई सहा महिने पालथ्या झोपून राहिल्या.

ही लाज आली कोठून? १८५९ सालच्या आपल्या पुस्तकात फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी असा अभिप्राय दिला की, शय्याव्रण झाले तर दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो. त्या काळी असे कोणी ठणकावून सांगायलाच हवे होते, आणि त्याने परिचारिकांची पिढ्यान् पिढ्या शिस्त घडली. पण त्याबरोबर व्रण हा गुन्हा ठरला, आणि गुन्हा म्हटला की माणूस झाकतो. आज आपल्याला कळते की, सर्व काळजी घेऊनही काही रोग्यांना इजा होतेच. म्हणून चांगल्या इस्पितळांत आता नोंदीवर भर असतो. आपल्याकडे रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणारे ‘एनएबीएच’ हे मंडळ आहे. ते रुग्णालयांना दर १,००० रुग्णदिवसांमागे नव्याने झालेल्या अशा इजांचा हिशेब ठेवायला लावते. माझे विचाराल तर, ज्या वॉर्डाच्या वहीत वर्षभर एकही नोंद नाही त्या वॉर्डाची मला अधिक भीती वाटते. तेथे पाठी चांगल्या आहेत असे नव्हे, पाठी पाहतच नाहीत!

तेव्हा दाखल होतानाच म्हणावे, “सिस्टर, आमच्यादेखत पाठ आणि टाचा पाहून लिहाल का?” हे ऐकून चांगली सिस्टर रागावत नाही, तिचीही त्यात सोय असते. पुढे काही आढळले तर चार गोष्टी सांगाव्या : कोठे, केव्हा दिसले, केवढे (रुपयाच्या नाण्याएवढे म्हटले तरी चालते) आणि कातडी फुटली आहे की नाही. नुसते “पाठीला काहीतरी झालेय” म्हटले की उत्तरही तसेच मोघम मिळते. मोबाईलवर फोटो काढायचा तर रोग्याला विचारून काढावा, डॉक्टरांना दाखवावा आणि तेथेच थांबावे. तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. सासूबाईंच्या कमरेचा फोटो नागपूरच्या आत्यांना कशाला? ऐकून घेतले नाही तर इन्चार्ज सिस्टर, मग मेट्रन. आवाज चढवण्याची गरज नसते. “याची नोंद झाली का?” एवढेच विचारावे, आणि पुढच्या पाळीला पुन्हा विचारावे.

आणि डागावर तेल चोळू नका. अभ्यंगाचे दिवस आहेत, हात शिवशिवतात हे मी जाणते. पण चेपलेल्या मांसावर चोळले की ते अधिकच दुखावते. आमच्या वेळचे स्पिरिट-पावडरचे मालीश आता मागे पडले, आणि कमरेखालची ती रबरी रिंगही. रिंगच्या कडेने सभोवारचे रक्तच अडते. हवेची गादी चांगली, पण ती घातली म्हणून कूस बदलायची राहू नये. किती वेळाने बदलायची ते त्या रोग्यापुरते सिस्टरना विचारून घ्यावे. साधारण दोन तास धरतात.

घरी सोडायच्या दिवशी सगळे बिलाच्या खिडकीपाशी असतात. कोणी एकाने मागे राहावे. लुगडे नेसवण्याआधी पाठ, खुबे, टाचा पुन्हा पाहाव्या, आणि डाग असेल तर तो डिस्चार्ज कार्डावर उतरवून घ्यावा : ड्रेसिंग कशाने, किती दिवसांनी, कोण करणार. गाडीत बसवताना पाय फरफटू देऊ नयेत.