बॅटरी बदला साहेब!

डिसेंबरातली पुण्यातली सकाळ. पावणेसात वाजलेत, बाहेर १२-१३ अंश, लेकीची स्कूलबस चुकलेली, आणि गाडी चालू होत नाहीये. म्हणजे होते, पण आठ-नऊ सेकंद स्टार्टर मारल्यावर, उपकार केल्यासारखी. दुपारी हीच गाडी चावी फिरवली की लगेच सुरू!

सर्व्हिस सेंटरला नेली. बॉनेट न उघडताच निदान झालं, "थंडीत होतं साहेब, बॅटरी बदला." बदलली. साडेपाच हजार. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग स्पार्क प्लग. मग "इंजेक्टर क्लीनिंग करून टाकू". नऊ हजारांच्या वर गेलो, गाडी होती तिथेच.

आता मला सांगा मंडळी, ऑफिसात एखाद्या पोराने बग न बघताच तीन फायली बदलल्या आणि "आता चालेल सर" म्हणाला, तर त्याचा कोड रिव्ह्यू आपण कसा करू? इथे मात्र मुकाट कार्ड काढून देतो.

पहिला प्रश्न कुणी विचारलाच नाही: स्टार्टर फिरतो कसा? कारण हे दोन वेगळे आजार आहेत. स्टार्टर रडत, जड फिरत असेल तर बॅटरी, गंजलेले टर्मिनल, अर्थची वायर किंवा स्टार्टर स्वतः. तेही मोजता येतं की! रात्रभर उभ्या गाडीत भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जाऊ नये. पण स्टार्टर जोमात फिरतोय आणि इंजिनच पकडत नाहीये, तर बॅटरीवर राग कशाला? तिथे पेट्रोल, ठिणगी नाहीतर ईसीयूला मिळणारी माहिती बघायची. (डिझेलवाल्यांनी आधी ग्लो प्लग बघावेत.)

माझा स्टार्टर पहिल्या दिवसापासून ठणठणीत फिरत होता. म्हणून एक फुकटातली टेस्ट केली. चावी ऑन, दोन-तीन सेकंद थांबा, ऑफ. असं तीनदा करून मग स्टार्ट. लगेच उठली तर रात्रीत पेट्रोलचा दाब उतरत असण्याची शक्यता मोठी. माझी नाही उठली.

मग ब्लूटूथवाला ओबीडी रीडर मागवला. रात्रभर उभ्या गाडीत आत येणाऱ्या हवेचं आणि कूलंटचं तापमान जवळपास सारखं हवं. हवा १३. कूलंट ४७! च्यायला, बर्फासारखं इंजिन आणि ईसीयूला वाटतंय कोमट आहे. थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल द्यावं लागतं, ते हा देतच नव्हता. सेन्सरचा प्लग काढला तर आत कूलंट पाझरलेलं. हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. थंडीत त्याचा रेझिस्टन्स काही हजार ओम असतो, गरम झाल्यावर काहीशे. त्याला समांतर ओलीची वाट मिळाली की थंडीतलं रीडिंग पार बिघडतं, गरममध्ये फरक जेमतेम जाणवतो. म्हणून दुपारी गाडी शहाणी! एरर कोड नव्हता, कारण ४७ हा काही अशक्य आकडा नाही. "कोड नाही" म्हणून सेंटरवाल्यांनी स्कॅनर गुंडाळून ठेवला होता. लाइव्ह डेटा हे दुसरं पान त्याच स्कॅनरवर असतं हो!

गल्लीतल्या मिस्त्रीने नवा सेन्सर बसवला, प्लग साफ केला, मजुरीसकट नऊशे.

"त्यांना वेळ नसतो रे," मित्र म्हणतो. मान्य. दिवसाला इतक्या गाड्या काढायच्या, आणि बिलात पार्ट दिसतो, विचार केल्याचे पैसे कोण देतं? आपणही गाडी चालवत, म्हणजे गरम करूनच, तिथे नेतो आणि "संध्याकाळी मिळेल ना?" विचारतो. बग रिप्रोड्यूसच होत नाही. गाडी रात्री तिथे ठेवा, सकाळी पहिला स्टार्ट तुमच्यासमोर मारायला सांगा. नाही म्हणाले तर दुसरा गाठा. पण मोजमाप न करता पार्ट बदलणं आणि तो लागला नाही तरी पैसे ठेवून घेणं, याला निदान म्हणू नका. हा मटका आहे, आणि पैसे आपले लागतात.

असो. जुनी बॅटरी बायबॅकमध्ये गेली, सहाशे रुपये कमी केले म्हणे. तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत कुणी मोजलंच नाही.