वही उघडा, विश्वस्तांनो!
२० जुलै १९२४ ला बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. पण व्यवस्थापक मंडळाचं सुकाणू बाबासाहेबांच्याच हाती. १९२५ ला सोलापुरात वसतिगृह उभं राहिलं.

आणि आमच्या वस्तीतला ट्रस्ट? विश्वस्त बिनपगारी, कबूल. पण वाचनालयाला कुलूप अन् चावी अध्यक्षांच्या खिशात. हिशेब विचारला की म्हणतात, "आम्ही फुकट राबतो!" अरे, गोदीत पाळी भरून वर्गणी आम्हीच दिलीय ना? १९५० चा कायदा सांगतो, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कचेरीत बदल अर्ज द्या. इथं माणूस मेला तरी कागदावर जिवंत. (सही कोण करतं, देव जाणे, आणि आम्ही तर देवही सोडला.)

रविवारी संध्याकाळी वही मागायला जातोय. तुम्हीही या.