शिडाची होडी, आणि तीही छोटीच

शिडाच्या होडीचा विषय काढला की हॉस्टेलवर दोनच प्रतिक्रिया येतात. पहिली, "बाप श्रीमंत असला तर ठीक आहे." दुसरी, "मग मोटर का नाही लावत?" एन.सी.सी.च्या नेव्हल विंगमधे दोन वर्षं काढल्यामुळे दोन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार असतात. पण मेसच्या टेबलावर कोणी पूर्ण ऐकून घेत नाही, भाजी गार होते. म्हणून आज लेखी.

आधी श्रीमंतीचं बघू. गेटवेसमोर नांगरलेल्या पांढऱ्याशुभ्र याट बघून आपला तसा समज होतो, आणि त्या याटपुरता तो खराही आहे. पण 1963 साली इंग्लंडमधे 'मिरर' नावाची एक डिंगी निघाली. होड्यांचा डिझायनर जॅक होल्ट आणि टीव्हीवर लोकांना घरची दुरुस्तीकामं शिकवणारा बॅरी बकनेल अशा दोघांनी ती काढली. 'डेली मिरर' ह्या वर्तमानपत्राने पाठबळ दिलं, म्हणून नाव मिरर आणि म्हणूनच शीड लाल. लांबी जेमतेम 11 फूट, किंमत 63 पौंड 11 शिलिंग. त्या पैशात तयार होडी नाही मिळायची बरं का. मिळायचे प्लायवुडचे कापलेले तुकडे आणि जोडणीचं सामान. तुकड्यांच्या कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने ते शिवायचे, सांध्यावर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन बसवायचं, झाली होडी. लोकांनी गॅरेजमधे, परसात, जागा नसेल तर बैठकीच्या खोलीत होड्या शिवल्या. आजवर ह्या जातीच्या 70,000 च्या आसपास होड्या झाल्यात. एवढे श्रीमंत बाप कुठून आणणार?

आणि शिवलेली होडी ही काही इंग्रजांची अक्कल नाही. आपल्या किनाऱ्यावर फळ्या काथ्याने शिवून जहाजं बांधायची पद्धत फार जुनी आहे. गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली आणि 2025 साली नौदलात दाखल झालेली 'कौंडिण्य' तशीच शिवलेली आहे, खिळ्याशिवाय. ह्याच दांडेकरांनी 'म्हादेई' बांधली. तीच, जिच्यातून दिलीप दोंदे 2009-10 मधे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. दोंदेंबद्दल मला प्रचंड आदर आहे, पण म्हादेई 56 फुटांची आहे. मला हवी तिची नात.

माझी स्वतःची होडी नाही. आम्हाला मिळते ती सरकारी 'एंटरप्राइज', तीही नंबर लागला तर. (गंमत म्हणजे हीसुद्धा जॅक होल्टचीच, 1956 ची.) वीस मिनिटं झाली की किनाऱ्यावरून शिट्टी वाजते आणि सुकाणू दुसऱ्याच्या हातात द्यावं लागतं. त्यामुळे मालकीचं सुख म्हणजे काय ह्यावर मी सबमिशनपेक्षा जास्त विचार केला आहे. आमच्या कॅम्पला एक निवृत्त पेटी ऑफिसर सर यायचे. त्यांच्याकडे जुनी प्लायची डिंगी आहे. ते म्हणायचे, वर्षातले दोन महिने ती पाण्यात असते आणि दहा महिने अंगणात, पण ते दहा महिनेही वाया जात नाहीत. पॉलिशपेपर मारायचा, वॉर्निश लावायचं, दोराची टोकं उसवली असतील ती बांधायची, शिडाला ठिगळ लावायचं. तिच्यातला प्रत्येक स्क्रू त्यांनी एकदा तरी स्वतः फिरवला आहे. आपल्यापैकी किती जणांना स्वतःच्या बाइकबद्दल असं म्हणता येईल? मोबाइलचं तर नावच नको, तो उघडताही येत नाही. छोट्या होडीत झाकलेलं काही नसतं. डोलकाठी, शीड, दोर, सुकाणू आणि मधून पाण्यात सोडायची फळी. दोर ओढला की काय हललं ते समोर दिसतं. बलांचे त्रिकोण मी फर्स्ट इयरला काढले, पण ते खरे असतात हे मला ती फळी वर राहिली आणि होडी आडवी घसरायला लागली तेव्हा कळलं. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, साधारण 45 अंश सोडून नागमोडी जावं लागतं, हे वाक्य पुस्तकात रटाळ आहे आणि सुकाणू हातात असताना अजिबात नाही.

आता मोटर. वेग हवा असेल तर शिडाच्या छोट्या होडीच्या वाटेला जाऊच नये. पाणी कापत जाणाऱ्या होडीला मर्यादा असते: पाणरेषेची लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा, उत्तर नॉटमधे. दहा फुटांना सव्वाचार नॉट येतात, म्हणजे ताशी आठ किलोमीटर. वारा जोरात असला की हलकी डिंगी पाण्यावर उचलली जाऊन घसरत सुटते आणि हा हिशोब मोडते, पण ते क्षण मोजकेच. एरवी सायकल जास्त पळते. मोटरवाल्याला मात्र वारा कुठून येतोय हे माहीत असायची गरजच नसते. सगळं पाणी त्याला सारखं, ट्रॅफिक नसलेला रस्ता. आणि तो आवाज! शीड भरून होडी कलते तेव्हा ऐकू येतं ते फक्त फळीखालून जाणारं पाणी. हॉस्टेलवर राहणाऱ्याला ह्या शांततेची किंमत वेगळी सांगायला नको.

छोट्या होडीतून प्रवास होतो का? फ्रँक डाय नावाच्या इंग्रजाने तो केला. त्याची 'वाँडरर' ही वेफेअरर जातीची, 16 फुटांची, वरून उघडी. रात्री डोलकाठीपासून ताडपत्री टाकायची आणि तळाच्या फळ्यांवर झोपायचं, तेच घर. तिच्यातून तो 1963 मधे एका सोबत्याला घेऊन स्कॉटलंडहून आइसलंडला गेला आणि 1964 मधे नॉर्वेला. नॉर्वेच्या वाटेवर वादळात होडी उलटली, डोलकाठी मोडली, तरी दोघं पोचले. होडी आता फालमथच्या सागरी संग्रहालयात आहे. मी हे करा म्हणत नाहीये, माझी आई हा अंक वाचते. मला हेवा वाटतो तो त्यांच्या ताडपत्रीखालच्या रात्रींचा. छोटी होडी वाळूवर ओढता येते, गुडघाभर पाण्यात शिरते. मोठ्या याटला जेटी लागते, छोटीला नुसता किनारा पुरतो.

असा किनारा आपल्याकडे किती आहे! दाभोळच्या, जयगडच्या खाडीत भरतीबरोबर आत शिरावं आणि ओहोटीबरोबर बाहेर यावं, इंधनाचा खर्च शून्य. मी शाळेत 'लँड ब्रीझ, सी ब्रीझ' पाठ केलं होतं, आकृतीसकट, पाच मार्कांना. मतलई हा शब्द मला अठराव्या वर्षी एका कोळी काकांकडून कळला. पहाटे मतलईवर बाहेर जायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं, शिडाच्या काळात ह्या लोकांचं टाइमटेबल वाराच ठरवायचा. उधाण आणि भांग हेही त्यांच्याकडूनच शिकले. ते काका आता इंजिनच चालवतात आणि त्यांनी का चालवू नये? पोटाचा प्रश्न आहे. पण त्यांच्या मुलाला मतलई म्हणजे काय हे माझ्याइतकंच ठाऊक होतं, म्हणजे नव्हतं. ज्यांचं पोट मासळीवर नाही अशा आपल्यासारख्यांनी हौसेने शीड लावलं तर निदान शब्द तरी पाण्यावर राहतील.

अडचणी आहेतच. पावसाळ्यात आपला समुद्र बंद, तेव्हा तलाव गाठायचा. हैदराबादच्या हुसेनसागरावर तर पावसाळ्यातच शर्यती होतात. लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यालाही हवंच, आणि एकट्याने जायचं नाही. परवानग्यांसाठी खेटे घालावे लागतील. होडीपेक्षा ती ठेवायची जागा महाग पडते हेही खरं, निदान मुंबईत तरी.

म्हणून माझा प्रस्ताव. दर वर्षी टेक-फेस्टला आपण काळ्या रेघेवरून चालणारा तोच रोबो करतो. यंदा एक टीम होडी करू. मरीन प्लाय आयएस 710 चा, पाच मिमी. तार आणि रेझिन बाजारात मिळतं. मिररचा सांगाडा भरतो जेमतेम 45 किलो, दोघं उचलतात. शीड शिवायला मी तयार आहे, शाळेतल्या सिस्टरांनी शिवण तरी चांगलं शिकवलंय. मिररची रुंदी 4 फूट 7 इंच. बांधून झाल्यावर होडी बाहेर निघणार कशी, असं वर्कशॉपच्या सरांनी विचारलं, म्हणून कारपेंट्री शॉपचं दार मी टेप लावून मोजून आले आहे. पाच फूट दोन इंच भरलं.